उसने अवयव : मोटारसायकलच्या भागांची अदलाबदल

मोटारसायकल हे वाहन आता कोणास नवलाचे राहिलेले नाही. गोव्यात तर भाड्याने उतारू नेणारा ‘पायलट’ ही एक संस्थाच होऊन बसली आहे; आणि बेळगावसारख्या ओतकामाच्या व लेथकामाच्या गावी यंत्राचे सुटे भाग घडविणारे हात घरोघर सापडतात. अशा ठिकाणी कोणत्याही गॅरेजात डोकावले असता एका गाडीची टाकी दुसरीवर, तिसरीचे चाक चौथीला, असा प्रकार दृष्टीस पडतो. कोणी हे काटकसरीपोटी करतो, कोणी हौसेपोटी. जुन्या गाडीचा भाग बाजारात मिळेनासा झाला म्हणून निरुपायाने करणारेही पुष्कळ आहेत. त्यांपैकी कित्येक गाड्या वर्षानुवर्षे सुखरूप धावतात आणि कित्येक पहिल्याच अवघड वळणावर दगा देतात. हा फरक दैवाचा नव्हे. त्यामागे काही नियम आहेत आणि शाळेत शिकलेल्या गणिताच्या व पदार्थविज्ञानाच्या बळावर ते समजण्याजोगे आहेत. त्यांचाच येथे थोडक्यात विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

अदलाबदल शक्य कशी झाली?

एका यंत्राचा भाग दुसऱ्यास बसावा ही कल्पना आज आपणास स्वाभाविक वाटते. पूर्वी ती तशी नव्हती. कारागीर प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट जोडीने घडवी आणि ती जोडी मोडली की दोन्ही निकामी होत. इंग्लंडातील जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे एक ठराविक माप सुचविले. आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा असावा आणि अमुक जाडीच्या बोल्टावर दर इंचास अमुक आटे असावेत, असे ते माप होते. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात फिरू लागला तो तेव्हापासून.

या कल्पनेची मोठी परीक्षा १९०८ साली इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथे झाली. तेथे रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एकाच नमुन्याच्या तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सोडविण्यात आल्या, त्यांचे भाग एकत्र मिसळण्यात आले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जोडण्यात आल्या. कानस लावून भाग बसविण्यास मनाई होती. जोडलेल्या मोटारी पुढे ५०० मैल धावल्या आणि त्या यशाबद्दल कंपनीस ड्युअर करंडक मिळाला.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या तिन्ही मोटारी एकाच नमुन्याच्या होत्या. एका नमुन्याचा भाग दुसऱ्या नमुन्यास लावावयाचा झाला की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. भाग भोकात बसला, एवढ्याने तेथे भागत नाही. त्याने शेजाऱ्यांशी जमवून घ्यावे लागते.

भाषेचा दृष्टांत घेऊ. बटाटा, चावी, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. पण आपण ‘चावीने’, ‘बटाट्याची’, ‘पगारात’ असे म्हणतो. म्हणजे त्या शब्दांनी आपले प्रत्यय स्वीकारले आणि मगच ते घरचे झाले. जो शब्द विभक्ती घेत नाही तो वाक्यात पाहुण्यासारखा अवघडून उभा राहतो. यंत्राच्या उसन्या अवयवाचेही तसेच आहे.

ट्रायटनची गोष्ट

अशा अदलाबदलीचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘ट्रायटन’. ही कोणा एका कारखान्याची गाडी नव्हे. ट्रायम्फचे इंजिन आणि नॉर्टनची चौकट यांच्या संयोगातून ती सिद्ध झाली आणि दोहोंच्या नावांची संधी होऊन तिचे नाव पडले.

बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याने नॉर्टन कंपनीसाठी नळ्यांची एक नवी चौकट आखली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाणारे नळ्यांचे दोन वेढे, असे तिचे सर्वसाधारण रूप होते. १९५० साली ती शर्यतीत उतरली आणि त्याच वर्षी आइल ऑफ मॅन येथील सीनियर शर्यत जेफ ड्यूकने तिच्यावर बसून जिंकली. हॅरॉल्ड डॅनियल या स्वारास ती पिसांच्या बिछान्यासारखी वाटली, म्हणून तिला ‘फेदरबेड’ हे नाव मिळाले, असे सांगतात. वळणावर स्थिर राहण्यात तिचा हात धरणारी चौकट त्या काळी क्वचितच होती.

इकडे ट्रायम्फकडे इंजिन उत्तम होते. एडवर्ड टर्नरने १९३७ साली जोड-नळकांड्यांची ‘स्पीड ट्विन’ आणली होती. तिचाच वंश वाढत १९५९ च्या हंगामासाठी ‘बॉनव्हिल’ आली. तिच्या प्रत्येक नळकांड्याचा व्यास ७१ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८२ मिलिमीटर होती. इंजिन जोरकस खरे, पण ट्रायम्फची चौकट वेगात डुलते असा तरुण स्वारांचा बोभाटा होता.

योग जुळला तो एका तिसऱ्याच कारणाने. त्या काळी ५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या चिमुकल्या मोटारींच्या शर्यती लोकप्रिय होत्या. त्या मोटारवाल्यांना नॉर्टनचे शर्यतीचे इंजिन हवे असे. परंतु कंपनी ते सुटे विकत नसे. तेव्हा ते पुरी मोटारसायकलच विकत घेत, इंजिन काढून घेत आणि उरलेली चौकट विकून टाकीत. अशा इंजिनाविना पडून राहिलेल्या चौकटींत कोणी ट्रायम्फचे इंजिन बसविले आणि ट्रायटन जन्मास आली. पुढे लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील ‘एस कॅफे’सारख्या ठिकाणी जमणाऱ्या तरुणांची ती आवडती गाडी ठरली. १९६५ साली डेव्ह डेजेन्स व रेक्स बुचर या जोडीने बार्सिलोना येथील चोवीस तासांची शर्यत ट्रायटनवर जिंकली, तेव्हा ही जोडगाडी केवळ हौशी लोकांचे खेळणे नव्हे, हेही सिद्ध झाले.

ट्रायटन यशस्वी का झाली?

याचे उत्तर आमच्या मते तीन गोष्टींत आहे आणि तीच या लेखाची मुख्य शिकवण होय.

पहिली गोष्ट, दोन्ही गाड्या एकाच औद्योगिक घराण्यातल्या होत्या. कंपन्या प्रतिस्पर्धी असल्या तरी कार्ब्युरेटर अमलचे, विजेचे सामान लुकासचे, वेगमापक स्मिथचे, साखळी रेनॉल्डची, असा बराचसा माल त्या समाईक पुरवठादारांकडून घेत. आट्यांची मापेही एकाच परंपरेची होती.

दुसरी गोष्ट, १९६२ पर्यंत ट्रायम्फच्या ६५० घनसेंटिमीटर गाडीचे इंजिन आणि गिअरपेटी ही एकमेकांपासून वेगळी असत. त्यामुळे नव्या चौकटीत दोघांना जागा देताना पुढेमागे सरकविण्यास वाव राही. चौकट आणि इंजिन यांच्यामध्ये जाड धातूच्या नव्या पट्ट्या कापून घेत; त्यांना ‘इंजिन प्लेट’ म्हणतात. या पट्ट्या म्हणजे दोन परभाषी पाहुण्यांमधील दुभाषीच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौकट, पुढचा फोर्क, चाके आणि ब्रेक हा नॉर्टनचा संच जसाच्या तसा राहिला. इंजिनाचा संचही आतून जसाच्या तसा राहिला. बदल झाला तो फक्त दोन संचांच्या शिवेवर. ज्या भागांचा विचार मूळ आखणाऱ्याने एकत्र केला होता, त्यांची ताटातूट झाली नाही.

यावरून नियम असा निघतो की, अदलाबदल करावयाची झाल्यास ती संचाच्या शिवेवर करावी, संचाच्या पोटात करू नये. आता एकेक संच पाहू.

पहिला संच : आटे आणि जोड

पाव इंच जाडीचा बोल्ट घ्या. ब्रिटिश बारीक आट्यांच्या मापात त्यावर इंचास २६ आटे असतात. सायकल व मोटारसायकलच्या जुन्या ब्रिटिश मापातही पाव इंचास २६ आटेच असतात. तेव्हा एकाचा नट दुसऱ्यावर बिनतक्रार फिरतो. मात्र पहिल्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा आहे! आट्यांच्या बाजू एकमेकींना पुऱ्या टेकत नाहीत. सारा भार एका बारीक कडेवर येतो. हाताला जोड घट्ट लागतो, परंतु कंप पावणाऱ्या गाडीत तो हळूहळू सैल होतो.

मेट्रिक मापातही असा सापळा आहे. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टात दोन आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर असू शकते, तसेच १.२५ मिलिमीटरही असू शकते. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तेथे पाना लावून जोर केला की आटे कापले जातात. म्हणून नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि आटे आटे-मापकाने तपासले पाहिजेत, हा पहिला धडा.

दुसरा संच : साखळी, चाक आणि वेगमापक

साखळीच्या दोन खिळ्यांमधील अंतर जुळले म्हणजे साखळी जुळली, असे नव्हे. ५२० आणि ५३० या क्रमांकांच्या साखळ्यांत हे अंतर सारखेच, म्हणजे पाच-अष्टमांश इंच असते. परंतु पहिलीची आतील रुंदी पाव इंच आणि दुसरीची तीन-अष्टमांश इंच असते. रुंद दातांच्या चक्रावर अरुंद साखळी बसणारच नाही. आणि अरुंद दातांवर रुंद साखळी बसली, तरी ती बाजूला हलत राहील. शिवाय पुढचे दातेरी चक्र व मागचे दातेरी चक्र एका सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे पट्टी लावून पाहावे लागते. चाक दुसऱ्या नमुन्याचे बसविले की ही रेषा बहुधा मोडते. मग साखळी दातांच्या कडा खात जाते.

वेगमापकाचे गणित तर अगदी सोपे आहे. ज्या गाडीत तो पुढच्या चाकावरून चालतो तेथे तो वस्तुतः वेग मोजीत नाही, चाकाचे फेरे मोजतो. समजा, तो ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकासाठी बनविला आहे आणि आपण ६६ सेंटिमीटर व्यासाचे चाक लावले. आता प्रत्येक फेऱ्यात गाडी पूर्वीच्या १.१ पट अंतर कापील. काटा ताशी ५० किलोमीटर दाखवील, तेव्हा खरा वेग ५५ असेल. स्वार काट्यावर विश्वास ठेवून वळणात शिरेल, आणि फसगत काट्याची नव्हे, त्याची होईल.

तिसरा संच : पुढचा फोर्क आणि चौकट

पुढचा फोर्क उभ्या रेषेशी थोडा तिरका असतो. सुकाणूच्या दांड्याची ती तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर चाक जेथे जमिनीस टेकते त्या बिंदूच्या ती थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात. चहाच्या ढकलगाडीची चाके जशी आपोआप सरळ मागे वळतात, तद्वत या अंतरामुळे मोटारसायकलचे पुढचे चाक स्वतःहून सरळ राहू पाहते.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. चाकाची त्रिज्या गुणिले तिरकेपणाच्या कोनाची ज्या; त्यातून चाकाचा आस सुकाणूच्या रेषेपुढे जितका काढलेला असेल ते अंतर वजा करा; आणि उत्तरास कोनाच्या कोज्येने भागा. त्रिज्या ३२० मिलिमीटर, कोन २६ अंश आणि आस ५० मिलिमीटर पुढे असेल, तर ट्रेल सुमारे १०० मिलिमीटर येते. आता कोणी दुसऱ्या नमुन्याचा आखूड फोर्क आणि ३०० मिलिमीटर त्रिज्येचे लहान चाक बसविले. फोर्क आखूड असल्याने गाडी पुढे झुकली आणि कोन २४ अंशांवर आला. पुन्हा गणित केल्यास उत्तर सुमारे ७९ येते. पाचवा हिस्सा गेला! बाहेरून पाहणारास गाडी अधिक देखणी वाटेल. पण खड्ड्यातून वेगाने जाताना तिचे हँडल थरथरू लागेल. सौंदर्य दिसते, ट्रेल दिसत नाही.

चौथा संच : इंजिन

आपल्याकडील परिचयाचे उदाहरण बुलेटचे. १९५५ साली मद्रासेत तिची जुळणी सुरू झाली. जुन्या घडणीच्या ३५० बुलेटच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. ५०० बुलेटचा व्यास ८४ आणि धाव तीच ९०. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले धाव, असे गणित केले की पहिलीचे आकारमान ३४६ आणि दुसरीचे ४९९ घनसेंटिमीटर येते. धाव सारखीच, मग ५०० चे नळकांडे ३५० वर का चढवू नये, असा मोह होणे साहजिक आहे.

परंतु ८४ भागिले ७० म्हणजे १.२, आणि १.२ चा वर्ग १.४४. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढले. म्हणजे तेवढ्याच दाबाने दांड्यावर, बेअरिंगवर आणि क्लचवर येणारा रेटाही तितकाच वाढला. त्या भागांची घडण मात्र पूर्वीच्याच रेट्यासाठी झालेली आहे. ३५० च्या क्रँकपेटीचे तोंडही लहान दट्ट्याच्या मानाने केलेले. ते कोरून मोठे करावे तर भोवतालची धातू पातळ होते. शिवाय ज्वलनाची जागा जुनीच राहिली तर काय होईल? समजा, दाबाचे प्रमाण सातास एक होते. म्हणजे ३४६ ला ६ ने भागून ज्वलनाची जागा सुमारे ५८ घनसेंटिमीटर. त्याच जागेवर ४९९ चे आकारमान आले की प्रमाण साडेनवाच्याही पुढे जाते. इंजिन तापते, चढावर ठोके देते आणि दट्ट्याचे आयुष्य घटते. संचाच्या पोटात हात घातल्याचे हे फळ.

पाचवा संच : ब्रेक आणि वीज

गाडीचा वेग ताशी ६० वरून ७२ वर गेला, तर गाडीतील गतिज ऊर्जा किती वाढली? वेग १.२ पट, म्हणून ऊर्जा १.४४ पट. इंजिन मोठे करून ब्रेक जुना ठेवणारास त्या ४४ टक्के अधिक ऊर्जेचा हिशेब जुन्याच ब्रेकपट्ट्यांकडून चुकता करून घ्यावा लागतो.

उलट, केवळ ब्रेकच मोठा केल्यानेही काम होत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये हाताजवळचा लहान दट्ट्या आणि चाकाजवळचा मोठा दट्ट्या यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ठरलेले असते. एका तबकडीच्या ठिकाणी दोन तबकड्या बसविल्या आणि हाताजवळचा भाग तोच ठेवला, तर दुप्पट तेल ढकलावे लागते. दांडी थेट मुठीला जाऊन टेकते आणि ब्रेक पुरता लागतच नाही. म्हणून दांडीपासून तबकडीपर्यंत सारा ब्रेक एका नमुन्याचा असावा.

विजेचा नियमही असाच. जुन्या ६ व्होल्टच्या गाडीतील ३५ वॉटचा दिवा सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह घेतो. १२ व्होल्टचा तेवढ्याच शक्तीचा दिवा २.९. सहाचा दिवा बाराच्या गाडीत लावला तर तो क्षणात जळतो. त्यातून जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चौकटीस जोडीत, तर आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. हे न पाहता विजेचा भाग उसना घेणे म्हणजे तो हाताने जाळणे होय.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ घडणीत, निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. झिजलेला भाग काढून तेथे त्याच नमुन्याचा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. वाहनाचे मूलभूत स्वरूप पालटणे हा बदल होय. दोहोंतील ही सीमारेषा ओळखावी. नोंदणीच्या पुस्तकात चौकटीचा व इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. भंगारातून इंजिन आणताना ते चोरीच्या गाडीचे नाही ना, हे त्या क्रमांकावरून कळते.

येथे कोणी विचारील, मग ट्रायटनची एवढी थोरवी गाण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की ती घडविणाऱ्या चांगल्या कारागिरांनी आधी मापे घेतली, पट्ट्या आखल्या, साखळीची रेषा जुळविली आणि मगच इंजिनाला किक मारली. कायद्याचा अंकुश नसता तरी गणिताचा अंकुश त्यांनी आपण होऊन स्वीकारला असता. आमच्याकडील कुशल मिस्त्रीही हेच करतो. ‘हा भाग बसेल, पण चालणार नाही,’ असे गिऱ्हाइकास तोंडावर सांगणारा मिस्त्री मिळाला, तर त्याची मजुरी कमी करू नये.

आपल्यापैकी बहुतेकांस गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळण्यास अजून अवकाश आहे. त्यासाठी वयाची अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. पण मापे घेण्यास परवाना लागत नाही. तोवर व्हर्निअर हाताळण्यास शिकावे, आटे-मापक कसा धरतात ते पाहावे, घरच्या गाडीच्या दातेरी चक्रांचे दात मोजून गुणोत्तर काढावे आणि चाकाचा परीघ दोरीने मोजून वेगमापकाशी ताडून पाहावा. वडील बंधूंनी गाडीत काही बदल करण्याचे मनात आणले असेल, तर त्यांस हा एकच प्रश्न विचारावा : दादा, हा भाग ज्या संचातला आहे त्यातले बाकीचे भाग कोठे आहेत? त्यांना उत्तर देता आले नाही, तर तो भाग दुकानातच राहू द्यावा. घरातील माणूस संध्याकाळी सुखरूप परत येणे हे कोणत्याही देखण्या फोर्कापेक्षा मोलाचे आहे.